जुलैअखेरचा ताळेबंद

बहुतेक शाळा-महाविद्यालयांचे वर्ष उन्हाळ्यात संपते. निकाल लागतात, सुट्ट्या पडतात, आंबे-फणस सरेपर्यंत मुले मोकळी असतात आणि पहिल्या पावसाबरोबर नव्या वह्यांना वेष्टने चढतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे पंचांग निराळे आहे. तिचे वर्ष ऑगस्टमध्ये उगवते आणि पुढच्या जुलैत, भर पावसात, मावळते. ज्या दिवसांत कोकणातला आणि मावळातला शेतकरी गुडघाभर चिखलात उभा राहून भाताची आवणी करीत असतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा मुलगा कार्यशाळेत परीक्षेला उभा असतो. हे वेळापत्रक ज्यांनी आखले, त्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना होता, भातखाचर नव्हते, एवढे निश्चित.

सह्याद्रीच्या पायथ्याशी, एका तालुक्याच्या गावाबाहेर अशी एक शासकीय संस्था आहे. तिचे पूर्ण नाव फाटकावरच्या कमानीवर आहे. पण गावात ते कोणी उच्चारत नाही. रिक्षावाल्याला ‘आयटीआय’ एवढे सांगितले की पुरते. सिमेंटच्या पत्र्यांची चार लांबट छपरे, मधोमध ध्वजस्तंभ, एका बाजूला कचेरी आणि मागच्या कुंपणाला लागून थेट भातखाचरे. खिडकीजवळच्या वाइसवर काम करणाऱ्या मुलाला मान वर केली की आवणी करणाऱ्या बायकांची रांग दिसते. कधी त्या रांगेत त्याची आईही असते.

प्रत्येक कार्यशाळेच्या दारावर व्यवसायाचे नाव मराठीत रंगवलेले आहे : जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री. ज्याने कोणी ही नावे घडवली त्याच्या भाषाज्ञानाचे कौतुक करावे तेवढे थोडे. जोडतो तो जोडारी, धातू कातून त्याला आकार देतो तो कातारी, दोन तुकड्यांचा सांधा साधतो तो संधाता. परंतु दाराच्या आत पाऊल टाकले की ही नावे फलकावरच राहतात. आत सगळे फिटर, टर्नर आणि वेल्डरच असतात. कानस मात्र कानसच राहिली आहे, हातोडा हातोडाच राहिला आहे आणि छिन्नीला दुसरे नाव कोणी दिलेले नाही. जी अवजारे लोहाराच्या भात्याशेजारी आधीपासून होती, त्यांनी आपली नावे राखली. जी यंत्रे जहाजातून आली, ती आपली नावे बरोबर घेऊन आली. 

तंत्रशिक्षण कोणत्या भाषेत द्यावे, हा प्रश्न या संस्थांहून जुना आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत शास्त्र शिकवण्याचा आग्रह धरला होता. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करणारे दादासाहेब फाळके काही काळ त्याच कलाभवनाचे विद्यार्थी होते. त्या आग्रहाचे पुढे पूर्ण सोने झाले असे म्हणता येत नाही. आजही या तालुक्याच्या गावात निदेशक मराठीत समजावून सांगतात, मुलगा मराठीत समजून घेतो, आणि यंत्रावरची सूचना मात्र इंग्रजीत वाचावी लागते.

स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षण योजना आखली आणि देशात अशा सुमारे ५० संस्था उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. आज एकट्या महाराष्ट्रात शासकीय संस्थाच चारशेहून अधिक आहेत. २०१३ मध्ये वार्षिक पद्धती जाऊन सहामाही पद्धती आली. २०१८ मध्ये सहामाही जाऊन पुन्हा वार्षिक आली. निदेशकांनी दोन्ही वेळा आपल्या वह्या नव्याने आखल्या. लोखंडाला मात्र या बदलांची वार्ता नसावी. ते पूर्वीइतकेच हळूहळू झिजते.

वर्षअखेरीची पहिली लढाई असते ती गंजाशी. सततच्या पावसात हवाच ओली होते. रात्री पुसून ठेवलेल्या लेथच्या पलंगावर सकाळी तांबूस झाक दिसते. सरफेस प्लेटवर कोणी घामट हात टेकला, तर त्या हाताची पाचही बोटे दुसऱ्या दिवशी गंजाने उमटलेली दिसतात. म्हणून परीक्षेच्या आधीचे आठ दिवस कार्यशाळेत शिकवणे जवळजवळ थांबते आणि तेल-ग्रीस सुरू होते. या कामाचे अधिपती म्हणजे कार्यशाळेचे परिचर. सगळी संस्था, प्राचार्यांसकट, त्यांना मामा म्हणते. मामांच्या खांद्यावर कायम एक तेलकट फडके असते. कोणत्या वाइसचा स्क्रू कडक आहे, कोणत्या ड्रिल यंत्राचा पट्टा घसरतो, छपराचा कोणता पत्रा कुठे गळतो, याची नोंद कोणत्याही नोंदवहीत नाही. ती मामांकडे आहे. गळणाऱ्या पत्र्याखालचे यंत्र त्यांनी खताच्या रिकाम्या गोणीने झाकलेले असते. पत्रा बदलण्याचा प्रस्ताव दोन वर्षांपासून टपालात आहे. गोणी त्यांनी घरून आणली.

याच दिवसांत जडवस्तूंची पडताळणी होते. सगळे तिला डेडस्टॉक म्हणतात. भांडारपाल नोंदवही घेऊन उभे राहतात आणि एकेक वस्तू मोजून घेतात. कानशी किती, पकडी किती, हातोड्यांचे दांडे मोडके किती. एखादी काटकोन्या कमी भरली की साऱ्या कार्यशाळेत शोध सुरू होतो आणि शेवटी ती कोणाच्या तरी ड्रॉइंगच्या फाइलमध्ये सापडते. वर्षभरात कानस झिजली, याचा अर्थ मुले शिकली, असे मानायला हवे. नोंदवहीत मात्र झिजलेली कानस ‘निकामी’ या सदरात जाते. त्या एका शब्दात कितीएक मुलांच्या तळहातांचे घट्टे जमा झालेले असतात, ते नोंदवहीला ठाऊक नसते.

जोडारीच्या मुलाची पहिली काही आठवड्यांची विद्या म्हणजे कानस मारणे. ऐकणाऱ्याला हे काम सोपे वाटते. वास्तविक, लोखंडाच्या चौकोनी तुकड्याची एक बाजू सपाट करणे ही माणसाच्या संयमाची परीक्षा आहे. हात जरा खालीवर झाला की मधोमध फुगवटा राहतो आणि कडा उतरतात. मुलगा काटकोन्या लावतो, तुकडा डोळ्यांसमोर उजेडात धरतो, आणि पट्टीखालून प्रकाशाची फट दिसली की पुन्हा वाइसकडे वळतो. पहिल्या महिन्यात काहींच्या हाताला फोड येतात. काही त्याच महिन्यात संस्था सोडतात. जे उरतात त्यांच्या हाताला हळूहळू एक अक्कल येते. पुस्तकात ती सांगता येत नाही. कानस लोखंडावर नीट चालते आहे की घसरते आहे, हे त्यांना आवाजावरून कळू लागते.

वर्षअखेरच्या प्रात्यक्षिकात दोन तुकडे एकमेकांत बसवायचे असतात. एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारा भाग. कार्यशाळेत याला ‘मेल-फीमेल’ म्हणतात आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. आराखड्यात मापाला दिलेली सूट ०.०४ मिलिमीटर इतकी असू शकते. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी फरक आणि तोही हाताने, घामाने निसरड्या झालेल्या कानशीने साधायचा. व्हर्नियर कॅलिपर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप सांगतो. त्यापुढे उजेडच परीक्षक होतो. दोन्ही तुकडे जुळवून दिव्यासमोर धरायचे. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली नाही, तर काम झाले. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यास निम्मे गुण पुरत नाहीत. १०० पैकी ६० लागतात.

संधात्याची अडचण आणखी वेगळी. वेल्डिंगच्या रॉडवर असलेले आवरण हवेतली ओल शोषून घेते. ओल्या रॉडने काढलेल्या सांध्यात वायूचे बारीक बुडबुडे अडकतात आणि वरून देखणा दिसणारा सांधा आतून सच्छिद्र राहतो. रॉड शेकण्यासाठी भट्टी असते. ती चालू असण्यासाठी वीज असावी लागते. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. प्रात्यक्षिकाच्या सकाळी वीज गेली, तेव्हा वेल्डिंगच्या निदेशकांनी रॉडची पुडकी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली होती आणि डब्यावर स्वतः बसून राहिले होते. परीक्षक आले, तेव्हा त्यांना पाहून ते उठले नाहीत. कारण कळल्यावर परीक्षकही हसले. अकराच्या सुमारास वीज आली.

या सगळ्या धांदलीत कचेरीत प्राचार्य वार्षिक अहवाल लिहीत असतात. अहवालाचा नमुना ठरलेला असतो. मंजूर जागा, भरलेल्या जागा, परीक्षेस पात्र, उत्तीर्ण, शिकाऊ उमेदवारीस रुजू. प्रत्येक रकाना संख्येची वाट पाहत असतो. त्या वर्षी सांगण्याजोगे पुष्कळ होते. वीजतंत्रीच्या तुकडीने संस्थेच्याच जुन्या इमारतीतील वायरिंग बदलून टाकले होते. बाहेरून कंत्राटदार आणावा लागला नाही, आणि मुलांना पुस्तकातली नव्हे तर उंदरांनी कुरतडलेली खरी वायर हाताळायला मिळाली. संधात्याच्या मुलांनी जवळच्या प्राथमिक शाळेचे मोडके बाक सांधून दिले. तळोजाच्या औद्योगिक वसाहतीतून एका कारखान्याची माणसे मुलाखतीसाठी आली. त्यांनी प्रश्न थोडे विचारले. मुलांच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि एका दांड्याचा व्यास मोजायला सांगितला. ज्याने मोजण्यापूर्वी मायक्रोमीटरचे शून्य तपासले, त्याचे नाव त्यांनी लगेच लिहून घेतले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली त्या तुकडीतील काहींना एका वर्षाची उमेदवारी मिळाली. उमेदवारीचे विद्यावेतन फार नसते. शिवाय त्यानंतर कायम नोकरीच मिळेल याची खात्री कोणी देत नाही. पुष्कळांना कंत्राटदाराच्या हजेरीपटावरच पुढची वर्षे काढावी लागतात. तरी घरी पहिले विद्यावेतन पोचते त्या दिवशी घरातली माणसे मुलाशी थोडी वेगळ्या सुरात बोलू लागतात.

मुलींची संख्या हा अहवालातला एक अभिमानाचा रकाना होता. एके काळी मुलगी या संस्थेत आलीच, तर ती शिवणकामाच्या वर्गात. त्या वर्षी वीजतंत्रीत मुली होत्या, आणि जोडारीतही एक होती. पहिल्या दिवशी तिच्या वडिलांनी निदेशकांना बाजूला घेऊन विचारले होते, “सर, पोरीला हे जमेल का?” निदेशकांनी उत्तर दिले, “भाऊ, मुलाच्या वडिलांनी मला हे अजून कधी विचारले नाही.” मुलीने वर्षभरात उत्तर आपल्या कामातून दिले. परंतु मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली वर्षअखेरपर्यंत झाली नाही, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसली नाही.

बसत नाहीत अशा गोष्टी पुष्कळ असतात. निदेशकाची एक जागा रिक्त होती. त्यामुळे दोन तुकड्या एका माणसाला सांभाळाव्या लागत. एका तुकडीला ड्रॉइंग द्यायचे आणि दुसऱ्या तुकडीच्या हातात कानस द्यायची, अशी त्यांची कसरत चाले. धारेच्या यंत्रापाशी कोणी एकटा गेला की त्यांच्या पोटात गोळा येई. दुसरी गोष्ट यंत्रांची. बाहेरचे कारखाने संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रांकडे वळले, आणि येथे बापाने ज्या लेथवर काम शिकले त्याच लेथवर मुलगा शिकतो. यावर ‘जुने ते सोने’ असे म्हणून समाधान मानता येत नाही. जुन्या लेथवर हात तयार होतो हे खरे. पण मुलाखतीत नव्या यंत्राचे नाव ऐकून मुलगा गप्प बसतो, हेही तितकेच खरे. आणि तिसरी गोष्ट मध्येच निघून गेलेल्या मुलांची. जोडारीच्या हजेरीपटावर ऑगस्टमध्ये २० नावे होती. जुलैपर्यंत तीन नावांवर तांबडी रेघ आली होती. एक मुंबईला मामाच्या दुकानात गेला, एकाने गावातल्या गॅरेजमध्ये रोजावर काम धरले, तिसऱ्याचे कारण कोणाला नीट कळले नाही.

आठवीवर शिक्षण सोडून आलेल्यांचा प्रश्न आणखी नाजूक असतो. तारतंत्रीसारख्या व्यवसायाला आठवी उत्तीर्ण मुलगा प्रवेश घेऊ शकतो. तो दोन वर्षे मन लावून शिकतो, प्रमाणपत्र मिळवतो आणि मग पुढे एखाद्या अर्जात ‘किमान दहावी’ हे दोन शब्द वाचून थबकतो. हे ध्यानात घेऊन २०१६ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेशी करार झाला. आठवीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण करणाऱ्याने भाषेसह ठरावीक विषयाची परीक्षा दिली, तर त्याला दहावीच्या समकक्ष दर्जा मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. मार्ग खुला झाला तरी तो ठाऊक असावा लागतो. या संस्थेत तारतंत्रीचे निदेशक दर जुलैत त्याची माहिती स्वतःच्या अक्षरात लिहून फलकावर लावतात, आणि शेवटच्या दिवशी मुलांकडून मोठ्याने वाचून घेतात. काही मुले वाचताना अडखळतात. मग तीच मुले सर्वांत आधी अर्ज कसा करायचा ते विचारायला येतात.

जोडारीच्या तुकडीत दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. वाइस क्रमांक चौदा. घाटाखालच्या वाडीतून पहाटेच्या एसटीने यायचा. गाडी चुकली, तर पाच किलोमीटर चालून हमरस्त्याला यायचा आणि मिळेल त्या वाहनाने पोचायचा. बोलणे बेताचे. कानस हातात घेतली की मात्र शेजारची मुले आपले काम थांबवून त्याच्याकडे पाहत. सरावाच्या वेळी त्याने केलेला मेल-फीमेल निदेशकांनी दिव्यासमोर धरला, उलटा करून पुन्हा धरला, आणि काही न बोलता आपल्या खणात ठेवून दिला. पुढच्या तुकडीला दाखवायचा नमुना म्हणून.

परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते. जूनच्या अखेरीस त्याचे वडील बांधावरून घसरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. नांगरणी व्हायची होती, रोपे तयार होती, आवणी तोंडावर होती. थोरला भाऊ नाही. वर्षभरात आजारपणाच्या आणि किरकोळ रजा आधीच संपलेल्या. तो घरी राहिला. पाऊस थोडा उघडताच परत आला, तेव्हा निदेशकांनी हजेरीपट त्याच्यासमोर ठेवला. सहा दिवस कमी पडत होते.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. डोक्यावर इरले घेऊन ती पावसातून आली होती. ते बाहेर भिंतीला टेकवून ठेवून ती दारातच उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, सहाच दिवसांची बाब आहे. तुमच्या हातात आहे.”

निदेशक म्हणाले, “ताई, माझ्या हातात असते, तर तुम्हाला इथवर यावे लागले नसते.”

खरे म्हणजे ते त्यांच्या हातात होते. हजेरीपट त्यांच्या टेबलावर होता, पेन त्यांच्या खिशात होते. सहा रकाने. कोणी विचारायला येणार नव्हते, आणि असे कुठेच होत नाही असे म्हणण्याइतके कोणी भोळे नाही. निदेशक त्या रात्री उशिरापर्यंत कार्यशाळेत बसून होते, असे मामांनी नंतर सांगितले. त्यांनी पट उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्या पटावर ज्या दिवशी एखादा मुलगा हजर असतो, त्या दिवशी तो यंत्रापाशी उभा राहिलेला असतो, त्याच्या चुका कोणीतरी पाहिलेल्या असतात. उद्या प्रमाणपत्र पाहून कारखाना त्याला यंत्रासमोर उभा करणार, तो या पटाच्या भरवशावर. या मुलाच्या बाबतीत सहा दिवसांनी काहीच बिघडणार नव्हते, हे निदेशकांइतके कोणालाच माहीत नव्हते. पण सहा दिवस एकाला लिहून दिले की तीस दिवस मागणाऱ्या दुसऱ्याला नाही कसे म्हणायचे, हेही त्यांनाच माहीत होते. मागच्याच वर्षी त्यांनी एकाला परत पाठवले होते. 

सकाळी ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी नियम पुन्हा वाचला, वरिष्ठ कार्यालयाला दूरध्वनी केला, आणि मग यादीवर सही केली. मुलगा त्या परीक्षेस अपात्र ठरला. कमी पडलेले दिवस भरून त्याने पुढच्या परीक्षेस बसावे, असे त्याला लेखी कळवण्यात आले. नियम चुकीचा नव्हता. मुलाचेही काही चुकले नव्हते. अशा वेळी कोणाला बोल लावावा हे न कळून माणसे पावसाला बोल लावतात. येथेही तसेच झाले.

परीक्षेच्या दिवशी १६ मुलांना लोखंडाचे तुकडे वाटण्यात आले. प्रत्येक तुकड्यावर परीक्षा क्रमांक ठोकलेला होता. वाइस क्रमांक चौदा रिकामा राहिला. मुलगा आला होता. वाडीहून पहाटेची गाडी पकडून आला होता. त्याला आत प्रवेश नव्हता; तो मामांबरोबर बाहेर पडवीत बसून जुन्या कानशींतला किस तारेच्या ब्रशने काढत राहिला. दुपारी आतून कानशींचा आवाज येत होता. एका आवाजाशी तो थांबला आणि मामांना म्हणाला, “तो खिडकीजवळचा, कानस तिरकी मारतोय.” मामांनी आत जाऊन पाहिले. तिरकीच होती. परीक्षा चालू असल्याने कोणाला काही सांगता येईना.

अहवालात या मुलाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. उत्तीर्णांची टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांवरून काढतात. जो बसलाच नाही, तो भागाकारात येत नाही. तो नापासही नाही आणि पासही नाही. तसाच तांबड्या रेघेखाली गेलेला तिघांचा हिशेबही टक्केवारीत येत नाही. त्यामुळे १६ पैकी १६ उत्तीर्ण झाले, तर अहवालात १०० टक्के निकाल लागणार, आणि तो खोटा असणार नाही. प्राचार्यांना हे दिसत होते. त्यांनी अहवालाच्या शेवटी, जिथे ‘अभिप्राय’ असे छापलेले असते आणि जिथे सहसा ‘समाधानकारक’ असे लिहितात, तिथे चार ओळी जादा लिहिल्या. आवणीच्या दिवसांत या भागातील मुलांची हजेरी कमी होते, ती सवलतीने भरून घेण्याची काही सोय व्हावी, असा त्यांचा आशय होता. टंकलेखन करणाऱ्या लिपिकाने विचारले, “साहेब, नमुन्यात एवढी जागा नाही. दुसरा कागद जोडू का?” प्राचार्य म्हणाले, “जोडा.”

कागद जोडला गेला आणि टपालात पडला. पत्र्याच्या प्रस्तावाच्या शेजारी.

पूर्वी अशा संस्थांतून मुले प्रमाणपत्र घेऊन निमूटपणे जात. पदवीधरांसारखा समारंभ त्यांच्या वाट्याला येत नसे. २०२२ मध्ये विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, देशभरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रथमच दीक्षान्त समारंभ झाले. या तुकडीतील मुलेही आता त्या दिवसाची भाषा बोलत होती. कोणी नवा सदरा शिवायला टाकणार होता, कोणी आईला बरोबर आणणार होता. चौदा क्रमांकाच्या मुलासमोर मात्र हा विषय निघाला की ते दुसरे काही बोलू लागत. त्याने एकदा स्वतःच विचारले, “मग फोटो कधी काढणार तुम्ही?” आणि ठरल्या दिवशी फोटो काढायला तोच मोबाइल धरून उभा राहिला.

ऑगस्ट उजाडला. नव्या तुकडीची मुले आली. काहींच्या पायांत नवे, करकरीत सुरक्षा-बूट होते. काही अजून चपलांवर होती, त्यांना निदेशकांनी यंत्राजवळ जाऊ दिले नाही. पहिल्या तासाला त्यांनी खणातून तो सरावाचा मेल-फीमेल काढला आणि पहिल्या रांगेत दिला. तो हातोहात फिरला. एकाने दोन्ही तुकडे जुळवून दिव्यासमोर धरले, सोडवले, पुन्हा जुळवले. त्यावर क्रमांक नव्हता. “सर, हा मशीनवर केलाय का?” त्याने विचारले. “हाताने,” निदेशक म्हणाले. “कोणाच्या?” या प्रश्नाला त्यांनी लगेच उत्तर दिले नाही.

हजेरीपटाच्या नव्या पानावर, दुसऱ्या वर्षाच्या यादीच्या शेवटी, त्यांनी एक नाव पेन्सिलने लिहून ठेवले होते. पहिला आठवडा गेला. नावापुढचे रकाने रिकामेच होते. दुसऱ्या सोमवारी निदेशकांनी मामांना सहज विचारावे तसे विचारले, “घाटाखाली आवणी संपली असेल ना हो?”

“वरच्या खाचरांची झाली,” मामा म्हणाले. “खालच्यांची राहिली आहे. आठ दिवस तरी लागतील.”

आणि खांद्यावरचे फडके काढून ते चौदा क्रमांकाच्या वाइसचा स्क्रू पुसू लागले. गेल्या काही दिवसांत कोणी न वापरल्याने त्याच्यावर गंजाची बारीक तांबूस पुटी धरू लागली होती.